समाटाची आफ्रिकेतली वर्षेही मोलाची

महोदय, आफ्रिकी फुटबॉलपटू युरोपात पोहोचला, की मगच आपल्या क्रीडा पानांना दिसतो. टांझानियाच्या म्ब्वाना समाटाचेच घ्या. दार-ए-सलामच्या सिम्बा क्लबमधून हा आघाडीवीर २०११ मध्ये काँगोतील टीपी मझेम्बेकडे गेला. २०१५ मध्ये मझेम्बेने आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली आणि आफ्रिकेतच खेळणाऱ्यांपैकी त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू समाटाच ठरला. पुढे बेल्जियमच्या गेंककडून २०१९ चे लीग विजेतेपद. जानेवारी २०२० मध्ये तो इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिलात आला. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला तो पहिला टांझानियन!

१ मार्च २०२० रोजी वेम्बलीवर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटी २-० ने पुढे होती. क्रॉस आला, समाटाने पुढे झेप घेतली आणि हेडरने गोल! तो अजून डोळ्यांसमोर आहे. व्हिला १-२ ने हरली आणि काही महिन्यांतच त्याची तुर्कस्तानात पाठवणी झाली. मधले तीन महिने तर कोविडनेच खाल्ले होते. एवढ्यावर त्याला मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. अशा खेळाडूंच्या मझेम्बेतल्या दिवसांवरही आपण सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर