त्या बातमीखाली एक चौकट छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात जिल्हा पानावर एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची बातमी होती. मुलीचं नाव दिलेलं नव्हतं. गाव मात्र होतं, वस्ती होती, ती कितवीत शिकते ते होतं आणि वडील कोणत्या कारखान्यावर जातात तेही होतं. दोनअडीचशे उंबऱ्यांच्या गावात आणखी सांगायचं काय राहिलं? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम २३ यासाठीच आहे. नाव, पत्ता, फोटो, घरच्यांचा तपशील, शाळा, शेजार, ज्याच्यावरून मूल ओळखू येईल असं काहीही माध्यमांनी द्यायचं नाही. मोठ्या बाईची ओळख उघड केली तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं की ओळख पटेल असा कुठलाच तपशील बाहेर येता कामा नये, बाई हयात नसली तरीसुद्धा. आपल्या वार्ताहराने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. तरी त्या मुलीला उद्या त्याच शाळेत जायचं आहे.

पण माझं मुख्य सांगणं पुढे आहे. मी ३३ वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, शेवटची काही वर्षं कॅज्युअल्टीत. अशा बातम्या मी रोज वाचते. आरोपीचं वय असतं, कलमं असतात, पोलीस कोठडी किती दिवसांची तेही असतं. ती बातमी वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात आज हेच घडलं असेल, तर त्यांनी आधी कुठे जायचं, कुणी परत पाठवलं तर काय म्हणायचं, हे एका ओळीतही नसतं.

२०१६ च्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. रात्री साडेनऊच्या सुमारास एक आई आपल्या वीसेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ऊसतोडीला आलेलं कुटुंब. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी पोलिसांची चिठ्ठी आणा. चौकीत सांगितलं, जिथे हे घडलं ते शेत आमच्या हद्दीत येत नाही, शेजारच्या तालुक्यात जा. तिथे म्हणाले, सकाळी या, आत्ता बाई अंमलदार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठी घेऊन दोघी परत आल्या, तेव्हा मुलगी आंघोळ करून आली होती. आईने कपडेही आणले होते. स्वच्छ धुतलेले, घडी केलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मुलीला दवाखान्यात न्यायचं तर मळक्या कपड्यांत कसं न्यायचं, असं तिला वाटलं होतं. कपडे धुऊ नका, सावलीत वाळवून कागदात गुंडाळून आणा, हे दोन वाक्यांत कुणीही सांगू शकलं असतं. आदल्या रात्री मी तिथेच होते. मीही सांगितलं नाही, आणि डॉक्टरांना अडवलंही नाही. ती पिशवी मी विसरलेले नाही.

तेव्हा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. २०१३ च्या दुरुस्तीने प्रत्येक दवाखान्याला, मग तो सरकारी असो की खासगी, अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं बंधनकारक केलं. आता तीच तरतूद फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. पोलिसांना कळवायचं काम दवाखान्याचं. चिठ्ठी आणायचं काम बाईचं कधीच नव्हतं. उपचार नाकारणाऱ्या दवाखान्याच्या चालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रार करायची की नाही हे तिचं अजून ठरलेलं नसलं, तरी औषध अडवता येत नाही. ‘लेडी डॉक्टर नाहीत’ हे कारणही मोठ्या बाईच्या बाबतीत चालत नाही. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत स्त्री कर्मचारी हवी, एवढंच. (लहान मुलीला मात्र स्त्री डॉक्टरच तपासतील, असं पोक्सो सांगतो.) हे सगळं तासांवर चालतं म्हणून मी इतकं लांबण लावते आहे. गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळ्या आणि एचआयव्हीपासून वाचवणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. त्या मुलीचे पहिले सोळासतरा तास चिठ्ठीपायी गेले.

पोलीस ठाण्याचंही तसंच. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने नोंद करून पुढे पाठवायचा आहे. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट द्यायची. नोंद करायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. असं असूनही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या आईवडिलांना तासन्‌तास ठाण्यात बसावं लागलं, हे आपणच छापलं होतं. मुंबईच्या इतक्या जवळ ही गत, तर आमच्या तालुक्यातल्या बाईने कुणाकडे पाहायचं?

वैद्यकीय अहवालात ‘अंगावर जखमा नाहीत’ असं वाक्य आलं की घरचे खचतात. मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. या वाक्याचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज इथे पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, अशा तर्काने सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात ‘माझी संमती नव्हती’ हा बाईचा शब्द आता कोर्टाने धरून चालायचा असतो, आणि ओळख लपवण्याची तरतूदही तेव्हाचीच. २०१३ मध्ये तर स्पष्टच लिहिलं गेलं की झटापट केली नाही म्हणजे संमती दिली असा अर्थ होत नाही. पूर्वी डॉक्टर ‘टू फिंगर टेस्ट’ करत, म्हणजे बाईला शरीरसंबंधाची सवय आहे का हे बघायला दोन बोटांनी योनीची तपासणी. मीही त्या वेळी पडद्याआड उभी राहिलेली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो. तिच्या पूर्वायुष्याबद्दल कोर्टात विचारायची मुभा नाही आणि सुनावणी बंद दाराआड चालते. हे वकिलांना ठाऊक असतं. साक्षीला उभं राहायला घाबरणाऱ्या मुलीला ते आधी कळलं, तर ती कदाचित उभी राहील.

म्हणून माझी विनंती अशी. यापुढे अशा प्रत्येक बातमीखाली एक छोटी चौकट छापा. जाहिरातीची दोन बोटं जागा कमी झाली तरी चालेल. मजकूर मी लिहून देते: ‘आधी जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जा. चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. शक्य असेल तर आंघोळ करू नका. कपडे धुऊ नका, कागदात ठेवा. आंघोळ झाली असली, उशीर झाला असला, तरीही जा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात घेतली जाते. एफआयआरची प्रत मागून घ्या. स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. फोन: विधी सेवा १५१००, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.’

भाषा आपण हवी तशी सुधारा. मात्र ‘उशीर झाला असला, तरीही जा’ ही ओळ कापू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका