अपंगत्व हा विषय फक्त विशेष शिक्षकांचाच?

महोदय,
शाळेत रॅम्प असतो, पण चढ इतका उभा की व्हीलचेअर ढकलायला दोघे लागतात. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, हे बांधणाऱ्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या मुलीचा तास वाया जातो. हेतू कुणाचाच वाईट नाही. उणीव प्रशिक्षणात आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आली, याची चर्चा झाली. त्याच कायद्याचं कलम ४७ मात्र दुर्लक्षित राहिलं. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविका, अभियंते, वास्तुरचनाकार या सगळ्यांच्या शिक्षणात अपंगत्व हा घटक असावा, असं ते सांगतं. आपण तो विशेष शिक्षकांच्या गळ्यात घालून मोकळे होतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला वर्गात बसवायचं कसं, एवढं ठरवायलासुद्धा फिजिओथेरपिस्ट, शिक्षिका आणि पालक एकत्र यावे लागतात.

बी.एड., नर्सिंग आणि स्थापत्यच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी निदान एक सामायिक विषय ठेवावा, आणि तो शिकवायला अपंग व्यक्तींनाही मानधन देऊन बोलवावं.

– एक शिक्षिका, सातारा