फोनवर बोलता आलं नाही म्हणून

चि. अनघा,

अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो हे आईने सांगितलंच आहे. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र. तब्येतीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. फक्त प्रवासाबद्दल लिहिणार.

मला सगळ्यांत आवडला तो ओसाकाहून हिरोशिमाला गेलो तो दिवस. हिमेजीला मध्येच उतरायचं तुझ्या डोक्यात आलं, फार बरं झालं. स्टेशनबाहेर आलो तर सरळसोट रस्ता आणि टोकाला तो पांढराशुभ्र किल्ला! १६०९ सालचं लाकूडकाम अजून उभं आहे. मला तर आतली वाट बघूनच भरून आलं. शत्रू गोंधळावा म्हणून किती वळसे दिलेत, आणि भिंतींत बाण-बंदुका मारायला गोल, तिकोनी, चौकोनी भोकं, म्हणजे आपल्या गडांवरच्या जंग्याच. गड बांधणाऱ्याचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं.

आणि तो जिना. पायातले बूट पिशवीत, पुढच्याची टाच आपल्या नाकाशी. आई गुडघ्यांमुळे खालीच थांबली ते एक बरं झालं. तू मध्येच कठडा धरून खाली बसलीस, ओठ पांढरे पडले होते. "काही नाही बाबा, सकाळी खाल्लं नव्हतं," म्हणालीस. मी तिथे काही बोललो नाही. आईलाही सांगितलेलं नाही.

सहावीत होतीस तेव्हा राजगडाच्या चोरदरवाजाची वाट माझ्या आधी चढून गेली होतीस. मी धापा टाकतोय आणि वरून तुझी हाक, "बाबा, पाणी घेऊन खाली येऊ का?" तीच मुलगी चार जिने चढून बसते, हे माझ्या मनातून जात नाही.

असो. हिरोशिमाचं ओकोनोमियाकी. तव्यावर डोशासारखं पातळ पीठ, त्यावर कोबीचा ढीग, मोड, नूडल्स, शेवटी अंडं आणि तो गोडसर सॉस. आईच्या वाट्यात डुकराचं मांस नको, हे तू त्या बाईंना इतक्या सहज जपानीत सांगितलंस की मी खाणं विसरून तुझ्याकडेच बघत राहिलो. आपली पोर परक्या देशात अशी बोलते! आम्ही दोघांनी उलथन्याने तोडून तोडून गरमागरम संपवलं. तू मात्र ऑफिसचे मेसेज बघत अर्धं तसंच ठेवलंस.

बघ, आलोच पुन्हा तिथे. रागावू नकोस.

उभी नोकरी एस.टी.त गेली, त्यामुळे तिथल्या ट्रामवरून माझी नजर हलेना. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला आणि ९ तारखेला एका मार्गावर ट्राम पुन्हा सुरू झाली. आजूबाजूला सगळी राख, आणि कुणीतरी रूळ मोकळे करून, तारा ओढून गाडी काढली. डेपोतल्या माणसालाच कळेल ते केवढं काम आहे. पुरुष लढाईवर गेले होते म्हणून चौदा-सोळा वर्षांच्या मुली ट्राम चालवायच्या, हे तूच सांगितलंस. अन्नाची टंचाई, अर्धपोटी काम. त्यांचा इलाज नव्हता गं. तुझा आहे. रात्री अकराला दुकानातला भाताचा गोळा उभ्याउभ्या खाणं याला जेवण म्हणत नाहीत. पगार चांगला आहे, मान आहे, सगळं कबूल. पण माईचं हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा तीही "काही नाही" हेच म्हणत होती.

पुन्हा भाषण झालं. तू मोठी आहेस, तुला कळतं, मला माहीत आहे. तरीही शनिवारी रक्त तपासून घे. रिपोर्ट जपानीत असला तरी फोटो माझ्याच नंबरवर पाठव, आकडे मला वाचता येतात. आणि कमी निघालं तर लपवू नकोस. आईला कसं सांगायचं ते मी बघतो.

तुझा,
बाबा