तमिळचं तू लिहिलंस, त्यावर

चोपडा, जि. जळगाव

चि. प्रणव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मोठा मेसेज मिळाला. फोनवर धड दोन वाक्यं पुरी होत नाहीत, म्हणून लिहितेच आहे. तुझी तक्रार अशी, की जवानांना ट्रेनिंगमध्ये हिंदी येऊन जाते, कागदपत्रं सगळी हिंदी-इंग्रजीत, मग मद्रास रेजिमेंटमध्ये साहेब, म्हणजे अधिकारी, झाल्यावर रोज संध्याकाळी सुभेदार साहेबांपुढे तमिळ घोकत का बसायचं? वर पलटणीत मल्याळी, तेलुगू, कन्नड पोरंही आहेत, त्यांना तरी तमिळ कुठे घरची? अरे, मग ती पोरं शिकलीच ना! तुझ्याच मुद्द्यात तू अडकलास.

मद्रास रेजिमेंट 1758 पासूनची. तिथे तुझ्याआधी किती पंजाबी, बंगाली, मराठी साहेब आले आणि तमिळ बोलायला लागले, याची गणती नसेल. गुरखा पलटणीतला साहेब नेपाळी शिकतो, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतला मराठी. आपल्या गल्लीतले रिटायर हवालदार काका सांगतात, त्यांचे केरळी मेजर ‘काय रे, पेरणी झाली का घरची?’ असं विचारायचे. मराठी अगदीच मोडकीतोडकी, पण काका अजून त्यांचंच नाव काढतात. आणि फील्ड मार्शल माणेकशॉ तर अमृतसरचे पारशी, गुजराती-पंजाबी-उर्दू-हिंदी-इंग्रजी येत असताना 1938 मध्ये पठाणांच्या पश्तो भाषेची वरच्या दर्जाची दुभाष्याची परीक्षा पास झाले. फ्रंटियर फोर्सच्या पलटणीत होते ना तेव्हा.

तुझ्या मेसेजनंतर मी जरा वाचत बसले. कॅनडात 1969 च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा झाल्या. वाचन, लेखन, बोलणं, प्रत्येकाची वेगळी परीक्षा आणि ए, बी, सी अशा पातळ्या. फौजेत वरच्या हुद्द्यावर जायचं तर दुसरी भाषा न येणं आडवं येतं. 1914 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांची 22 वी बटालियन वेगळी उभी करावी लागली होती त्यांना. पातळ्यांचं मला एवढं कौतुक नाही. आमच्या शाळेत अध्ययन स्तर निश्चिती असते, कोणतं मूल कुठवर शिकलं ते ठरवायचं, तक्ता भरला की काम झालं असं वाटतं सगळ्यांना.

मला जास्त पटली ती जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीची गोष्ट. दहा-अकरा भाषांची फौज. हुकूम जर्मनमध्ये, तेही जेमतेम ऐंशीएक शब्दांचे: थांब, चल, नेम धर. ते सगळ्यांनी पाठ करायचे. पण पलटणीतल्या शंभरात निदान वीस जणांची जी भाषा, ती पलटणीची भाषा, आणि नव्या साहेबाने ती तीन वर्षांत शिकायचीच. कुठे कुठे दोन-तीन भाषा असायच्या. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्याच्या पहिल्या काही महिन्यांतच हे मुरलेले साहेब फार मोठ्या संख्येने कामी आले. त्यांच्या जागी घाईघाईने राखीव साहेब आले, त्यातल्या बऱ्याच जणांना शिपायांची भाषा येत नव्हती. ऐंशी शब्दांत गोळी झाडायला सांगता येते रे, पण खंदकात महिनोन्‌महिने बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते काढून घेता येत नाही.

हे मला वाचूनच कळलं असं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यावरच्या शाळेत शिकवायला होते तेव्हा पहिलीत सगळी पावरा आदिवासी पोरं. घरी पावरी, शाळेत माझी मराठी. काहीही विचारा, ‘हो’ म्हणायची. जेवलास? हो. समजलं? हो. एक पोरगा सकाळपासून बाकाच्या कडेला पोट दाबून बसलेला. ‘दुखतंय का’ म्हटलं तर हो, ‘खेळायला जातोस का’ म्हटलं तरी हो. शेवटी चौथीतल्या त्याच्या बहिणीला बोलावलं. ती त्याच्याशी दोन मिनिटं बोलली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, मॅडम, काल रात्रीपासून याने काही खाल्लं नाही, आई कामाला गुजरातला गेली. त्यानंतर मी पावरी शिकायला लागले. माझे उच्चार ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण हसता हसता बोलायच्या.

तुझे जवान ‘ठीक है साब’ म्हणत असतील ना, ते मला त्या ‘हो’सारखंच वाटतं. घरी जमिनीचा वाद असेल, बायको बाळंतपणाला माहेरी असेल, सुटीचा अर्ज दोनदा परत आला असेल, ‘ठीक है साब’ मात्र ठरलेलं. तू स्वतः अकादमीत काय करायचास? इंग्रजीत सगळं ‘फाइन सर’, आणि आजीचा फोन आला, ‘कसा शे भो?’ ऐकलं की पायाचे फोड, जेवण, सगळं अहिराणीत बाहेर.

तेव्हा तमिळ लिपी मागाहून कर, आधी कान तयार कर. संध्याकाळी व्हॉलीबॉलला जा, लंगरमध्ये, जवानांच्या स्वयंपाकघरात, आचाऱ्याजवळ उभा राहा, कोणाचं गाव कुठलं, शेतात काय लावलंय ते विचार. चुकलास की हसतील, हसू दे. सुभेदार साहेब स्वतःचा वेळ देतात, त्यांच्यापुढे घड्याळ बघत बसू नकोस.

कानबाईच्या सणाला तू नव्हतास, भाऊबंद विचारत होते. रोटाच्या प्रसादाचं काही पाठवता येत नाही, म्हणून बिबडे, आपले ज्वारीचे पापड, पाठवते आहे, दोन डबे. एक तुझा, एक लंगरचा. बाबा कपाशीच्या फवारणीत आहेत. सुटी पक्की झाली की भुसावळपर्यंतचं तिकीट काढ, ते गाडी घेऊन येतील.

तुझी,
आई