बायकोला शुगर निघाली तर नवऱ्यानं काय करायचं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात डायबिटीसवर बरंच येतं, काय खावं, काय टाळावं, किती चालावं, आणि मी ते सगळं वाचतो. पण ते असतं पेशंटसाठी. पेशंटबरोबर जो माणूस एका घरात राहतो, त्याच डब्यातल्या पिठाच्या पोळ्या खातो, त्यानं काय करायचं हे कुठेच सापडत नाही. त्यातून पेशंट घरातली बाई असेल तर अजिबातच नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या हिला यंदा टाइप टू डायबिटीस निघाला. ऑफिसच्या चेकअपमध्ये फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर १७२ आली, आणि एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट ८.४ टक्के. फास्टिंग १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ वा त्याहून जास्त आलं की डायबिटीस धरतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. त्रास म्हणावा तर काही नव्हता, थकवा होता, पण नेरूळहून रोज सीएसएमटीला जाऊन येणाऱ्या कुठल्या बाईला थकवा नसतो हो?

बातमी कळल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न काय, तर गोड फार खायची का? हा प्रश्न विचारू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. ती आधीच रडत असते, आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत असतं, त्यात हे. तिच्या आईला शुगर होती, हिच्या दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती आणि नंतर नॉर्मल झाली म्हणून विषय तिथेच संपला. वास्तविक गरोदरपणात ज्यांची शुगर वाढते त्यांना पुढे टाइप टू व्हायचा धोका कितीतरी जास्त असतो आणि त्यांनी दर एक ते तीन वर्षांनी टेस्ट करत राहायची असते, हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असं झालेलं असेल तर कृपया या महिन्यातच रक्त तपासून घ्या.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे नवऱ्याला शुगर निघाली की घर बदलतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा बिनसाखरेचा होतो, डब्यात काकडी जाते, कारल्याची भाजी होते, शेजारणीला विचारून ज्वारीचं पीठ येतं. बायकोला निघाली की घर आहे तसंच राहतं आणि ती स्वतःपुरतं वेगळं काहीतरी करून खाईल असं सगळे धरून चालतात. ती करत नाही. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायचे आणि वर आपला एकटीचा पथ्याचा डबा कधी करणार? शिवाय उरलेलं असतंच. रात्री कुकरमध्ये वाटीभर भात राहिला, मुलानं अर्धी पोळी ताटात टाकली, पातेल्याच्या तळाशी शिरा राहिला, हे शेवटी कोणाच्या पोटात जातं ते प्रत्येक घराला माहिती आहे. अन्न टाकवत नाही म्हणून ती भूक नसताना ओट्याशी उभ्यानंच संपवते, तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर रात्री दहा-साडेदहाला. हे कुठल्याही डाएट चार्टमध्ये लिहिलेलं नसतं. आम्हाला जो कागद मिळाला तो इंग्रजीत होता, त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, ग्रिल्ड अमुक तमुक. भात किती, पोळ्या किती, उसळ चालते का, याबद्दल एक ओळ नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बायकोला शुगर निघाली तर स्वयंपाकघराची निम्मी जबाबदारी नवऱ्यानं त्याच दिवशी उचलावी. आमच्याकडे आता सगळ्यांचं ताट एकच असतं. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात भात नाहीतर पोळी. तांदूळ मी मोजून लावतो, उरणार नाही इतकाच, आणि जेवण साडेआठला सगळे एकत्र, मागची आवराआवर मी आणि मुलगा करतो. भाकरीबद्दल एक सांगतो, ज्वारीची भाकरी चांगली आहे पण तिनंही शुगर वाढते, भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या असं नाही चालत. शुगर-फ्री लिहिलेल्या बिस्किटांमध्ये मैदा नाहीतर दुसरं पीठ असतंच. आणि उपास. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, भगरीनंही शुगर वाढते. संकष्टी धरायची की सोडायची हे तिचं तिनं ठरवावं, पण ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू देऊ नका.

जेवणानंतर आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटं सेक्टरमध्येच चालतो, रविवारी ज्वेल ऑफ नवी मुंबई पार्कला जातो. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात म्हणून जेवल्यावर चाललं की आकडा कमी येतो, हे आम्ही घरच्या मशीनवर बघितलंय. आकडे कालनिर्णयवर लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी. बोटं आधी धुवून घ्यायची, फळ चिरलेल्या हातानं टेस्ट केली तर आकडा उगाच जास्त येतो.

पण बरोबर राहणं आणि पहारा देणं यात फरक आहे. ठाण्याला एका साखरपुड्यात हिच्या ताटातली जिलबी एका मावशींनी सगळ्यांसमोर उचलून घेतली, अगं तुला चालतं का हे, म्हणून. मावशींच्या मनात काळजीच होती, मान्य. पण हिचा चेहरा मी बघितला, नंतर ती धड जेवलीही नाही. एका जिलबीनं जेवढं बिघडलं नसतं त्याहून जास्त त्या बोलण्यानं बिघडलं. घरातल्यांनी पोलिस झालं की माणूस लपवून खायला लागतो आणि मग आकडाही लपवतो.

गोळ्यांचंही तसंच. मेटफॉर्मिननं सुरुवातीला बऱ्याच जणांचं पोट बिघडतं, हिचंही बिघडलं आणि लोकलमध्ये पोट बिघडणं म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून ही ती गोळी बंदच करायला निघाली होती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, त्रास थांबला. तेव्हा कोणी मेथीचं पाणी, कोणी जांभळाच्या बियांची पूड सुचवत होतं, त्यांना मी एवढंच सांगितलं की घ्यायचं तर घेईल पण गोळी बंद होणार नाही.

पुढे दुसरी गोळी जोडली, ग्लिमेपिराइड, आणि तेव्हा एक प्रसंग झाला. ऑफिसात काम होतं म्हणून हिचं दुपारचं जेवण राहिलं, संध्याकाळी घरी येताना मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली आणि हिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं धूसर दिसायला लागलं. शुगर खाली गेलीय हे लेडीज डब्यातल्या एका बाईंनी ओळखलं कारण त्यांच्या मिस्टरांना शुगर आहे, त्यांनी हिला बसवलं, पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली, बाटलीत ढवळून पाजली. त्या ताईंचं नाव पण आम्हाला माहीत नाही, हे पत्र छापलं तर त्यांच्यापर्यंत आमचे आभार पोचोत. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत द्यायचं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल. चॉकलेट-बिस्किटं तेव्हा कामाची नाहीत, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. हे बायको-नवऱ्यानं, मुलांनी, ऑफिसच्या मैत्रिणींनी सगळ्यांनी पाठ करावं.

आणखी एक काम नवऱ्याचं आहे. पाय बघणं. शुगरनं नसा बधिर झाल्या तर जखम झालेली कळत नाही, तळव्याला खडा लागला, चिरी पडली तरी पत्ता नसतो. मी झोपायच्या आधी हिचे तळवे बॅटरी लावून बघतो, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पहिल्यांदा ही पाय मागे ओढून घ्यायची, अहो माझ्या पायांना कसला हात लावताय, म्हणायची. आता मुकाट्यानं पाय पुढे करते. आणि हो, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन निदान झाल्या झाल्या तपासून घ्यायचं, मग दरवर्षी, कारण टाइप टू कळायच्या आधी बरीच वर्षं शुगर वाढलेली असू शकते.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात डायबिटीसचे १० कोटींहून जास्त लोक निघाले. म्हणजे कोट्यवधी घरं धरा. डॉक्टरमंडळींना माझी विनंती आहे की निदान सांगताना पेशंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला बाहेरच्या बाकावर बसवू नका, दोघांना समोर बसवा, आणि चार्ट मराठीत द्या, आमच्या जेवणातले पदार्थ घालून. सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासायची सोय आहे, महापालिकेनं त्याची माहिती सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावावी. आणि आपण १४ नोव्हेंबरला डायबिटीस दिनाची पुरवणी काढणार असाल तर त्यातलं एक पान जोडीदारासाठी ठेवा, त्यात स्वयंपाकघराबद्दल लिहा, उरलेल्या भाताबद्दल लिहा.

आपला,
एक नेहमीचा वाचक
नेरूळ, नवी मुंबई