हॉटेल बंद होण्याच्या बातमीत चार ओळी जास्त हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने हॉटेल बंद होणार असल्याची बातमी आली की तिचा साचा ठरलेला असतो. इतक्या वर्षांची परंपरा, गल्ल्यावर बसलेल्या मालकांचा फोटो, गहिवरलेली नेहमीची गिऱ्हाइके. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग लागते. लोकांचे प्रेम खरे असते. पण हॉटेल नेमके कशामुळे बंद होते आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत काही करता येईल, हे बातमीत नसते. त्यामुळे ते सगळे प्रेम शेवटच्या तीन आठवड्यांत, सर्वांत कमी उपयोगाच्या जागी खर्ची पडते. या धंद्याचे हिशेब आणि भटारखाने पाहणाऱ्या आम्हा काही जणांना याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी त्या रांगेबद्दल. चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलात गिऱ्हाईक सरासरी पाऊण तास बसले तर तीन तासांत कागदावर १६० माणसे जेवून उठतात. चौघांच्या टेबलावर दोघे बसतात, टेबल पुसायला वेळ जातो, म्हणून प्रत्यक्षात आकडा ११०-१२० च्या पुढे सहसा जात नाही. भटारखान्याची मर्यादा तर त्याहून कडक असते. सर्वांत हळू चालणारी शेगडी जितके देईल तितकेच बाहेर येते; दारात तीनशे माणसे उभी राहिली म्हणून आत विस्तव वाढत नाही. मग घाई होते. गरम पातेली तशीच फ्रिजमध्ये ढकलली जातात, आतले तापमान ५ अंशांच्या वर चढते आणि शेजारी ठेवलेला माल खराब होतो. शिजवलेला पदार्थ उथळ ट्रेमध्ये, दोन इंचांपेक्षा कमी थरात पसरून ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरायला हवा. निरोपाच्या गर्दीत हे कोणी पाळू शकत नाही. पहिल्यांदाच आलेला माणूस दीड तास थांबून निम्मे पदार्थ संपलेले पाहतो, आणि रोज येणारा म्हातारा माणूस रांग बघून परत जातो.

पैशाचा हिशेब त्याहून बोलका आहे. आठवड्याची विक्री १०० धरा. साधारण ३२ कच्च्या मालाला, ३० पगारांना, ८ भाड्याला जातात. गॅस, वीज, दुरुस्ती, कर, हप्ते भागवून नीट चाललेल्या हॉटेलात ४ उरले तरी खूप. म्हणजे वर्षाला २०८. आता भाडे दुप्पट झाले तर जादा बोजा आठवड्याला ८, वर्षाला ४१६. अख्खा नफा दोनदा दिला तरच फिटणारा. निरोपाच्या तीन आठवड्यांत विक्री दुप्पट झाली आणि जादा विक्रीतून माल, जादा कामाचे पैसे, बांधणावळ वजा जाता शंभरातले ६० हाती राहिले, तरी मिळाले १८०. वाढीव भाड्याचे जेमतेम पाच महिने निघाले.

याच आकड्यांतून खरा उपायही दिसतो. आठवड्याला ८ भरून काढायला जादा विक्री हवी १३ ते १४. आठवड्याला तीनशे गिऱ्हाइके असतील तर आणखी चाळीस. चार माणसांच्या कुटुंबाने महिन्यातून एक जादा फेरी मारायची ठरवली, तर अशी साधारण ४५ कुटुंबे पुरतात. अट एकच: ही माणसे मंगळवार-बुधवारी, किंवा दुपारी तीन ते सहाच्या मधे यायला हवीत. शनिवारी रात्री भरलेल्या हॉटेलात आलेला जादा माणूस दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची घेतो, विक्री वाढवत नाही. आणि मागवायचेच असेल तर थेट हॉटेलला फोन करून मागवावे. घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचे कमिशन अनेकदा १५ ते ३० टक्के असते. वर म्हटलेल्या ६० मधले निम्मे तिथेच संपू शकतात.

अफवेचे नुकसान तर लोकांच्या लक्षातच येत नाही. ‘बंद होणार म्हणे’ एवढे पसरले की माल देणारे उधारी थांबवून रोख मागतात. मोठ्या पंगतीसाठी दिलेल्या आगाऊ रकमा लोक परत मागतात. कामगार दुसरीकडे जागा शोधतात, आणि सर्वांत आधी जातो तो सर्वांत चांगला आचारी, कारण त्याला लगेच काम मिळते. तो गेला की चव बिघडते, चव बिघडली की गिऱ्हाईक तुटते, आणि नुसती शक्यता होती ती खरी होते. म्हणून कुठेही लिहिण्याआधी मालकांना शांतपणे विचारावे: अडचण जागेची आहे, वारसाची, यंत्रांची, की रोजच्या हिशेबाची? चारांचे औषध वेगळे आहे.

जागेची अडचण असेल तर करारातल्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. करार संपण्याची तारीख, नूतनीकरणाची इच्छा किती महिने आधी लेखी कळवायची ती मुदत, आणि इमारत पाडायची झाल्यास जागा रिकामी करून घेण्याचे कलम. बहुतेक वेळा घात होतो तो मधल्या मुदतीत. करार डिसेंबरात संपतो म्हणून सगळे दिवाळीनंतर जागे होतात आणि कळवण्याची तारीख जूनमध्येच उलटून गेलेली असते. स्पेनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तिथल्या १९९४ च्या भाडेकायद्याने जुन्या, गोठवलेल्या भाड्यांच्या अनेक व्यापारी करारांना वीस वर्षांची मुदत दिली. २०१४ च्या अखेरीस ती संपली आणि बार्सिलोना, माद्रिदमधल्या कित्येक जुन्या दुकानांवर गाशा गुंडाळायची वेळ आली. तारीख वीस वर्षे कागदावर होती.

सह्यांचे निवेदन बहुधा हॉटेलमालकांच्याच हाती दिले जाते. ते जागामालकाकडे जायला हवे, आणि त्यात भावनेपेक्षा प्रस्ताव हवा. जागामालकाला नियमित भाडे हवे असते, जागा रिकामी पडण्याची भीती असते आणि नव्या भाडेकरूसाठी डागडुजीचा खर्च टाळायचा असतो. त्याच्यासमोर ठेवण्यासारख्या गोष्टी अशा: वाढ एकदम न करता तीन ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने, किंवा ठरावीक कमी भाडे आणि त्यावर विक्रीचा काही टक्का, बदल्यात दहा वर्षांचा पक्का करार. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या योजनेत दीर्घ कराराचे हेच सूत्र आहे. तीस किंवा अधिक वर्षे चाललेल्या व्यवसायांची तिथे नोंदवही आहे, आणि अशा भाडेकरूला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकालाही अनुदान मिळण्याची सोय त्या योजनेत केली गेली. मदत जागामालकापर्यंत पोचवली, हे त्यातले शहाणपण. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम अ‍ॅक्टने वेगळी वाट काढली. वस्तीला महत्त्वाची असलेली जागा लोकांनी आधीच नोंदवून घेतली असेल तर ती विकायला निघाल्यावर सहा आठवड्यांत इच्छा कळवायची आणि विक्री कळवल्यापासून एकूण सहा महिने पैसे उभे करायला मिळत. यातला ‘आधीच’ हा शब्द विसरला जातो. शिवाय हा फक्त बोली लावण्याचा हक्क होता. लोकांनाच विकण्याची सक्ती जागामालकावर नव्हती, आणि जागा शाबूत राहून धंदा बंद पडत असेल तर त्याचा काही उपयोग नव्हता.

यंत्रांची अडचण बाहेरून दिसत नाही. धूर ओढणाऱ्या नळकांड्यात वर्षानुवर्षे तेलकट थर साचतो, ओढ कमी होते, भटारखाना तापतो आणि माणसे टिकत नाहीत. पुढचा दरवाजा उघडायला जोर लागत असेल किंवा तो आपोआप आत ओढला जात असेल, तर पंखा ठीक आहे, बाहेरची हवा आत यायला वाट नाही असे समजावे. नवा मोठा पंखा बसवून ते आणखी बिघडते. शीतकपाट सतत घुरघुरत असेल तर नव्याची किंमत काढण्याआधी दाराचे रबर आणि मागची जाळी पाहावी. जाळीवर तेल आणि पिठाची पुटे चढलेली असतात. रबर बदलून जाळी धुतल्यावर बरीच जुनी कपाटे वर्ष-दोन वर्षे निभावतात. खरा मोठा खर्च मालकी बदलताना पुढे येतो. जुन्या जागेला अनेक ठिकाणी जुन्या नियमांनुसार चालू दिलेले असते. नव्या मालकाच्या नावाने परवाना मागितला की अग्निसुरक्षा, सांडपाणी, वीजजोडणी सगळे आजच्या नियमांत बसवावे लागते. ‘घ्यायला माणूस तयार होता, तरी जमले नाही’ यामागे पुष्कळदा हेच असते. म्हणून सौद्याआधी त्या कामांचा लेखी अंदाज काढून घ्यावा.

वारसाची अडचण सर्वांत अवघड, आणि वस्तीतली माणसे प्रत्यक्ष हातभार लावू शकतील अशी जागाही हीच. आचाऱ्याला ‘कृती लिहून द्या’ म्हटले तर तो ‘अंदाजाने’ एवढेच सांगतो, आणि ते खरेच असते. त्याला मापाने घालायला लावू नये, हात अडखळतो. त्याऐवजी मिठाचा, तेलाचा, प्रत्येक मसाल्याचा डबा कामाआधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहावा, त्याला नेहमीसारखे करू द्यावे आणि नंतर डबा पुन्हा तोलावा. फरक म्हणजे माप. वेगवेगळ्या तीन दिवशी हे करून सरासरी घ्यावी. एखाद्या दिवशी आकडा फार वेगळा आला तर तो खोडू नये, कारण विचारावे. भाजीला पाणी जास्त होते, जिन्नस नवा होता, असे काहीतरी निघते आणि तीच खरी विद्या असते. सोबत भांड्याचा व्यास, धातू, तळाची जाडी, आच कधी कमी केली, झाकण किती वेळ होते, शिजण्याआधीचे आणि नंतरचे एकूण वजन हेही टिपावे. चाळीस लिटरची कृती दहाने भागून चार लिटरला लावली की ती आटून जाते. वाफ पृष्ठभागावरून जाते, आणि लहान भांड्यात मालाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. पाणी आणि वेळ वेगळे ठरवावे लागतात.

नव्या हाताची परीक्षा कौतुकाने होत नाही. तीन वाट्या ठेवाव्यात, दोन एकाच हाताच्या, एक दुसऱ्याच्या; तापमान सारखे, वाट्या सारख्या, क्रम प्रत्येकासाठी बदललेला. वेगळी कोणती ते ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तिघांतल्या एकाचे उत्तर बरोबर येतेच. बारा नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी आठ किंवा अधिक जणांनी बरोबर ओळखले तर फरक खरा आहे, काम बाकी आहे. चार-पाच जणांनीच ओळखले तर धीर धरायला हरकत नाही. शिकणाऱ्याने जुन्या आचाऱ्याबरोबर पूर्ण एक वर्ष काढावे असे आमचे मत आहे. एका ऋतूत शिकलेला हात दुसऱ्या ऋतूतल्या मालाला फसतो.

कामगारांनीच हॉटेल चालवायला घ्यायचे ठरवले तर उत्तमच. त्यांना काम येते, गिऱ्हाईक ओळखते. मात्र खरेदीच्या रकमेखेरीज निदान तीन महिन्यांचे पगार, भाडे आणि वीज एवढे पैसे हाताशी हवेत, हॉटेलचे नाव वापरण्याचा हक्क करारात स्वतंत्र लिहिलेला हवा, आणि मालकांचे देणे पाचेक वर्षांत नफ्यातून फेडायची सोय हवी.

वर्गणीबाबत सांभाळून. तोट्यात चाललेल्या हॉटेलला दिलेली रक्कम जुनी थकबाकी भरण्यात जाते आणि दोन महिन्यांनी प्रश्न तिथेच असतो. लोकांनी आकडा कबूल करावा, पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि नवा करार सही झाला तरच ते वापरावेत; नाही झाला तर कोण, किती दिवसांत परत करणार हे आधी लिहून द्यावे. आगाऊ विकलेली कूपनेही कर्जच असतात. आज रोकड येते, पण उद्या जेवण वाढताना गल्ल्यात काही पडत नाही. एकूण कूपने एका महिन्याच्या मालखर्चाहून जास्त नसावीत आणि ती मंद दिवसांतच चालावीत.

मालक थकले असतील आणि त्यांना थांबायचेच असेल, तर त्यांना थांबू द्यावे. चाळीस वर्षे पहाटे उठलेल्या माणसावर ‘आमच्यासाठी चालू ठेवा’ हा भार टाकणे बरे नव्हे. तेव्हा कामगारांची देणी पूर्ण मिळतील ना, माल देणाऱ्यांची बिले भागतील ना, कृती कोणाकडे जातील, एवढे पाहणे वस्तीच्या हातात असते.

संपादक महाशय, आपल्याकडे विनंती एवढीच. अशी बातमी देताना मालकांच्या संमतीने चार ओळी जास्त छापाव्यात: करार कधी संपतो आणि कळवण्याची मुदत कोणती, जागेबाबतचा निर्णय कोणाच्या हातात आहे, मालकांना चालू ठेवायचे आहे की थांबायचे आहे, आणि वाचकांकडून त्यांना नेमके काय हवे आहे. आणि ही बातमी शेवटच्या दिवसाची वाट न पाहता निदान सहा महिने आधी यावी.

आपले,
हॉटेल व्यवसायाशी संबंधित काही वाचक