मिठीकाठचा ढिगारा उचलायला या

सर्व कुर्लेकर बंधू-भगिनींना, आणि इथून कल्याण, विरार, पनवेलकडे राहायला गेलेल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांना मंडळाचा नमस्कार.

बैलबाजाराच्या बाजूने मिठीकडे उतरलं की वस्तीची शेवटची गल्ली आणि नदीची भिंत यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी होती. आठवते ना? आमच्यातले कितीतरी जण तिथे लगोरी खेळले. आज तिथे पाय ठेवता येत नाही. फुटक्या लाद्या, जुने कमोड, सिमेंटच्या गोण्या, शिलाईच्या कारखान्यांतल्या चिंध्या, थर्माकोल. रात्री टेम्पो येतो, डेब्रिज ओततो आणि निघून जातो. ढिगारा काही ठिकाणी भिंतीच्या उंचीला आला आहे. पावसाची पहिली मोठी सर आली की त्यातलं बरंचसं नदीत उतरतं आणि पुढे पुलाखाली जाऊन अडकतं. हा ढिगारा उचलायचा आणि पट्टी पुन्हा वस्तीची करायची, असं मंडळाने ठरवलं आहे.

थोडं नदीबद्दल सांगायला हवं, कारण आपल्या पोरांना ही नदी आहे हेच ठाऊक नाही. ‘नाल्यावर जाऊ नको’ असंच आपण त्यांना सांगत आलो. विहार आणि पवई तलावांचं सांडव्यावरचं पाणी घेऊन मिठी निघते आणि आरे, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असं साधारण १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. १८६०च्या सुमारास तिच्याच वरच्या अंगाला बांध घालून विहार तलाव झाला आणि मुंबई शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. ज्या नदीने मुंबईला नळाचं पहिलं पाणी पाजलं, तिच्या कडेने आपण नाक दाबून चालतो. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

२६ जुलै तर कुणाला सांगायला नको. २००५ सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. वरून हा पाऊस आणि खालून खाडीची भरती. पाणी घरात शिरलं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तांदळाचा डबा आणि मुलाचं दहावीचं मार्कशीट एवढंच पोटमाळ्यावर नेलं. बाकी सगळा संसार गेला. त्यांच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी आजतागायत रंगवू दिलेली नाही.

त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पात्रातले भराव, काठावरची बांधकामं, विमानतळाजवळ वळवलेला प्रवाह, सगळं तिने तपासलं. आपल्या भाषेत सांगायचं तर नदीला पसरायला जागाच उरली नव्हती. नंतर पात्र रुंद झालं, भिंती उठल्या, दर उन्हाळ्यात गाळ काढला जातो. तरीही जोराच्या पावसात मिठी धोक्याच्या पातळीवर गेली की नदीकाठच्या क्रांतीनगरातल्या कुटुंबांना पोराबाळांसह पालिकेच्या शाळेत हलवावं लागतं. गाळ काढणं, मैलापाणी नदीत जाऊ न देणं ही सरकारी यंत्रणेची कामं आहेत, ती त्यांनीच करायची. आपल्या श्रमदानाने त्यांची जबाबदारी माफ होत नाही, आणि त्याचा पाठपुरावा मंडळ सोडणार नाही.

वस्तीतल्या काही लोकांनी एक शंका बोलून दाखवली, ती इथे लिहितो. ‘नदीकाठ स्वच्छ झाला, छान झाला, की सगळ्यात आधी आपल्यालाच इथून उठवतील.’ ही भीती खोटी नाही. पण आम्हाला उलटं वाटतं. वस्ती जितकी उकिरड्यासारखी दिसेल, तितकं तिला उठवणं सोपं जातं. ज्या जागेवर आपली मुलं रोज खेळतात, जिथली झाडं आपण घागरीने पाणी घालून वाढवली आहेत, तिथलं काहीही ठरवताना आपल्याला विचारावं लागेल.

आता काम. उचललेल्यातलं लोखंड, प्लास्टिक, चिंध्या वेगळ्या करायला आपले भंगारवाले भाऊ येणार आहेत. नदी घाण केल्याचा ठपका त्यांच्यावर नेहमी येतो, पण कचऱ्यातून किती माल ते परत वापरात आणतात हे कुणी मोजत नाही. उरलेलं डेब्रिज डंपरने ठरलेल्या जागीच जाईल, दुसऱ्या कुणाच्या दारात नाही. नंतर तिथे पेव्हर ब्लॉक टाका, असं काहींनी सुचवलं. मंडळाने नकार दिला. ब्लॉक घट्ट बसले की पाणी मुरत नाही, आणि पावसाळ्यात नदीला टेकायला थोडी माती हवीच. पट्टी मातीचीच राहील. कडेने करंज आणि भेंडी (भाजीची नव्हे, भेंडीचं मोठं झाड) लावू. पाणी साचलं तरी ही झाडं तग धरतात. होईल की नाही असं वाटत असेल, तर सायन-धारावीच्या मध्ये मिठीच्याच काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघून या. ३७ एकर जागा, पूर्वी शहराचं डम्पिंग ग्राउंड होती. आज तिथे जंगल आहे. आपली पट्टी त्याच्या नखाएवढीही नाही.

डंपर, जेसीबी, माती, रोपं, कुंपण आणि दोन दिवे मिळून अंदाजे ३ लाख रुपये लागतील. गणेशोत्सवातल्या देखाव्याचा खर्च निम्मा करून मंडळाने १ लाख १० हजार बाजूला काढले आहेत. उरलेले १ लाख ९० हजार उभे करायचे आहेत. ११ रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि दर रविवारी जमा-खर्च मंडळाच्या फळ्यावर लिहिला जाईल. देणगीच्या बदल्यात नावाची पाटी लावणार नाही, हे आधीच सांगतो.

पैसे नसतील तर घमेली, फावडी, हातमोजे द्या. लेव्हल घेऊन पाण्याचा उतार काढून देणारा कुणी सिव्हिल इंजिनिअर ओळखीत असेल तर त्याला एक सकाळ आणा. रात्री टेम्पो अडवायला पाळीने जागणारी माणसं हवी आहेत; मशिदीच्या गल्लीतल्या मुलांनी मंगळवार आणि शुक्रवार घेतले आहेत, बाकीचे वार रिकामे आहेत. आणि जुन्या शेजाऱ्यांनो, तुमच्याकडे नदीकाठचे जुने फोटो असतील तर पाठवा. पट्टी कशी होती ते मुलांना दाखवायचं आहे.

देणगी रोज संध्याकाळी ७ ते ९ मंडळाच्या खोलीत स्वीकारली जाईल. श्रमदान येत्या रविवारपासून, सकाळी ७ वाजता, पाऊस लागेपर्यंत दर रविवारी. चहा-पोह्यांची सोय महिला मंडळाने केली आहे. चप्पल घालून येऊ नका, बूट घाला. काचा फार आहेत.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी